मी अक्षर ओळखले, वाक्य वाचले नाही

जमादार, तुम्हाला माती देऊन आज सोळा दिवस झाले. गेल्या रविवारी वाचनालयाच्या मंडळींनी तुमच्यासाठी लहानशी सभा घेतली. मला म्हणाले, मास्तर, तुमचा त्यांचा घरोबा होता, चार शब्द बोला. मी उभा राहिलो, समोरचा पाण्याचा पेला उचलला, आणि घशाचे कारण सांगून खाली बसलो. मग बाकीचे बोलले. तुम्ही नोकरीला कधी लागलात, कुठे कुठे होतात, किती दरोडेखोर पकडलेत. ते ऐकून तुम्ही मिशीत हसला असतात. तुम्ही पकडलेली सगळ्यात मोठी टोळी म्हणजे सहा पोरे आणि त्यांनी पळवलेली एक शेळी, आणि ती शेळीसुद्धा आपल्या पायांनी तुमच्यामागे चौकीवर चालत आली होती.

मला जे सांगायचे होते ते सभेत सांगण्यासारखे नव्हते. ते तुम्हालाच सांगायला हवे होते. आठ वर्षे जवळजवळ रोज भेटत होतो, तरी सांगितले नाही. म्हणून हे लिहितो आहे. हळू लिहितो आहे, माझी सवय तुम्हाला ठाऊक आहे.

कबरस्तानातून परतताना तुमच्या घरावरून गेलो. भाभी पडद्याआडून म्हणाल्या, "मास्तरसाब, उनो तुमकू कुछ बोलनेवाले थे. क्या, ते मालूम नै." तुम्ही काय बोलणार होता, याचा अंदाज मी तेव्हापासून करतो आहे. जो अंदाज करावा तो मला माझ्या सोयीचा वाटतो, म्हणून सोडून देतो.

आपल्या हिंगोलीत 'फाटकापल्याड' हा शब्द लोक एका विशिष्ट सुरात म्हणतात. रेल्वेच्या फाटकाच्या अलीकडे गाव, पलीकडे जिन, म्हणजे कापसाची सरकी काढायचा कारखाना, आणि जिनच्या आधाराने वाढलेली वस्ती. डोंगरकड्याची, बाळापूरची, कळमनुरीकडची माणसे कामाला आली आणि तिथेच तुराट्यांच्या भिंती घालून राहिली. गावात कोणाचा तांब्या जरी हरवला तरी पहिले वाक्य ठरलेले असे, "फाटकापल्याड जाऊन बघा." मीही तेच म्हणत असे. फरक इतकाच की मी ते शुद्ध भाषेत म्हणत असे.

जर्मनीची लढाई सुरू व्हायच्या तीन वर्षे आधी वाचनालयात मी व्याख्यान दिले होते, तुम्हाला आठवत असेल. 'नव्या पिढीतील अपप्रवृत्ती' असा विषय. दोन महिने वाचून तयारी केली होती. वाईट संगत, विड्यांचे व्यसन, धाकाचा अभाव, आदर्शांची वानवा, अशी कारणे एकापुढे एक मांडली. लोकांनी मान डोलावली. तुम्ही दाराशी, जिथे जोडे काढतात तिथे बसला होता. सगळे उठल्यावर माझ्याजवळ आलात आणि हळूच विचारलेत, "मास्तर, ह्यातलं एकतरी पोरगं तुमी पाह्यलं का?"

मला राग आला. मी म्हटले, "शाळेत रोज पन्नास मुले पाहतो."

"ती अल्याडची. उद्या बाजार हाये. सकाळच्याला या, दाखवतो."

मी आलो ते तुम्हाला चुकीचे ठरवण्यासाठी. बाजारात तुमच्यासोबत एक दहा वर्षांचे पोरगे होते, नाक पुसत चालणारे. तुम्ही त्याला पेरू विकणाऱ्या काशीबाईच्या टोपल्यापुढे नेऊन उभे केलेत.

"काशीबाई, हे पोरगं आज दिसभर तुमच्यापाशी बसंल. टोपल्यावर ध्यान ठेवंल."

काशीबाई उसळलीच. "अवं जमादार, ह्याच मेल्यानं मागल्या बाजारी माझे चार पेरू नेले की!"

"म्हून तं आनला. कसे नेतात ते ह्याला बराबर ठावं हाये. दुसऱ्या कोनाला नेऊ देईल का?"

"आन यानंच खाल्ले तं?"

"तं मला शिव्या घाला. मी काय गाव सोडून चाललो का?"

"तुमाला शिव्या घालून माझे पेरू येतेत व्हय परत!" असे म्हणत तिने पोराला खुणेनेच जवळ बसवले. दुपारी आपण परत त्या बाजूने गेलो, तेव्हा ते पोरगे एका म्हशीच्या तोंडावर टोपी मारून तिला टोपल्यापासून हाकलत होते आणि काशीबाई सावलीत डोळे मिटून बसली होती. दिवस कलता तिने त्याच्या हातावर दोन पेरू ठेवले आणि दरडावले, "पुढल्या बाजारी येळेवर ये."

ही तुमची रीत होती. ज्याच्याकडून उचलले त्याच्याचपाशी राखणीला बसवायचे. चौकीच्या कोणत्याही कागदात ती नव्हती. वरच्या साहेबांना कळली असती तर तुमची बदली झाली असती. मी तुम्हाला म्हणालो, "असल्या युक्तीने मूळ दोष जात नाही. हा संस्काराचा प्रश्न आहे." तुम्ही विडी पेटवलीत आणि म्हणालात, "ह्याची माय उजाडता कापूस येचाया जाते, दिस बुडता येते. बाप जिनात. मदला सगळा दिस कोनाचा, मास्तर? संस्कार कराया घरी कुनीतरी पाह्यजे ना."

मी उत्तर दिले होते. काय दिले ते आता आठवत नाही. तुमचा प्रश्न मात्र जसाच्या तसा आठवतो.

किसनला तुम्हीच माझ्याकडे आणले होते. फाटकापल्याडचा, चंद्राबाईचा मुलगा. ती जिनमध्ये सरकी पाखडायला जाई. "ह्याला घ्या तुमच्या वर्गात," तुम्ही म्हणालात, "पोरगं हुशार हाये, रिकामं ठेवलं तं माझ्या कामाला येईल." असे म्हणून स्वतःच हसलात. त्या वस्तीतून माझ्या शाळेत आलेला तो पहिला आणि तेव्हाचा एकुलता एक मुलगा.

माझा जीव अक्षरावर, हे गावभर माहीत होते. माझ्या गुरुजींनी मला एक वळण शिकवले होते. शब्द पुरा झाला की वरची रेघ एका दमात ओढायची, शेवटच्या अक्षरापुढे किंचित न्यायची आणि खाली वळवून सोडायची. ते वळण मी माझ्या मुलांना देत असे. तपासणीस येत तेव्हा माझ्या वर्गाच्या पाट्या मुद्दाम बघत. आणि सगळ्या मुलांत किसनची रेघ सगळ्यात सुंदर. मी त्याला कधी शाबासकी दिली नाही, पण त्याची पाटी पुसायला सांगताना मला वाईट वाटत असे.

आता ती सकाळ.

जिनमधला यंत्रे फिरवणारा चामड्याचा मोठा पट्टा कोणीतरी कापून नेला. हंगामाचे दिवस, बाहेर कापसाच्या गाड्यांची रांग लागलेली, आणि जिन बंद. जिनचा मुनीमजी कपाळ बडवत होता. आणि जिनच्या आतल्या भिंतीवर इंजिनच्या कोळशाने दोन ओळी लिहिलेल्या होत्या. तुम्हाला उर्दू उत्तम येई, मराठी अक्षर येत नसे. तुमचे वरचे अधिकारी अमीनसाहेब, त्यांनाही येत नसे. मुनीमजीने ते वाचून दाखवायला नकार दिला होता. म्हणून तुम्ही मला शाळेतून बोलावून नेलेत.

मी भिंतीपुढे उभा राहिलो आणि मोठ्याने वाचले: "मुनीमजी, आमच्या वहाणा जाळल्या. आता तुमच्या पट्ट्याच्या घालू."

पहिल्यांदा मला हसू आले. आणि मग, जमादार, माझी नजर त्या रेघेवर गेली. शेवटच्या अक्षरापुढे गेलेली, खाली वळलेली. ओबडधोबड भिंतीवर, कोळशाने, इतकी नीट. मला काय झाले ते मी आज जसे आहे तसे लिहितो. मला अभिमान वाटला. माझ्या हातचे काम अशा ठिकाणीही ओळखू येते, याचा अभिमान. आणि त्या भरात, अमीनसाहेब, मुनीमजी आणि जिनचे पंधरा-वीस मजूर ऐकत असताना मी म्हणालो, "हे माझ्या किसनचे अक्षर."

तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. ती नजर मी नंतर पुष्कळ वेळा आठवली आहे. तिच्यात राग नव्हता. एखादे भांडे हातातून सुटताना पाहणारा माणूस जसा बघतो तसे तुम्ही पाहिलेत.

तुमच्या एकट्याच्या कानात बोललो असतो तर तुम्ही किसनला नेऊन त्या मुनीमजीच्याच दाराशी राखणीला बसवले असते, आणि त्याच्याकडून सगळे काढून घेतले असते. पण मी अमीनसाहेबांपुढे बोललो होतो. त्यांनी तिथल्या तिथे शिपाई पाठवला. किसनला आणले, भिंतीपुढे उभे केले. तो चौदा वर्षांचा होता. अमीनसाहेबांनी विचारले, हे अक्षर तुझे? त्याने भिंतीकडे पाहिले, मग माझ्याकडे, आणि म्हणाला, "माझ्यासारखंच हाये, गुरुजी."

त्याने मला उत्तर दिले, अमीनसाहेबांना नाही. मला ते तेव्हा कळले नाही.

त्याच संध्याकाळी चंद्राबाई माझ्या दारात आली. आत आली नाही, उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "गुरुजी, तुमी सांगितलं म्हनं."

"जे दिसले ते सांगितले, बाई. खोटे कसे सांगू?"

"खोटं सांगा म्हनत न्हाई मी. त्येला एकदा इचारायचं तरी. लेकरू तुमच्यापाशी दोन साल बसलं."

मी तिला शिक्षा सौम्य व्हावी म्हणून शब्द टाकीन असे म्हणालो. ती म्हणाली, "आता तुमी शबूद नका टाकू." आणि निघून गेली.

कचेरीत मला शपथेवर विचारले, खात्रीने सांगता का? मी म्हणालो, खात्रीने. किसनने तोंड उघडले नाही. सहा महिन्यांची सजा झाली, आणि चौकीतल्या वाईट चालीच्या माणसांच्या रजिस्टरात त्याचे नाव चढले.

तो तुरुंगात गेल्यावर तिसऱ्या आठवड्यात सकाळी शाळेचे दार उघडायला गेलो, तर दारालगतच्या पांढऱ्या भिंतीवर कोळशाने लिहिलेले: "मास्तर, किसन आत हाये. मग ह्ये कोनी लिवलं?"

आणि खाली वळलेली तीच रेघ.

मी ते वाचले आणि पायरीवर बसलो. मुले येऊ लागली तसा धोतराच्या सोग्याने पुसू लागलो. पुसले गेले नाही, नुसते पसरले. मधल्या सुट्टीत तुमच्याकडे आलो. तुम्ही सगळे ऐकून घेतलेत आणि मला फाटकापलीकडे घेऊन गेलात. स्टेशनाच्या मागे जिथे इंजिनची राख टाकतात तिथे, मालाच्या जुन्या डब्याच्या सावलीत, सात-आठ पोरे बसली होती. मोठ्यात मोठे बारा वर्षांचे. डब्याच्या फळ्यांवर कोळशाने बाराखडी लिहिलेली होती. आपल्याला बघून पळाली. फळ्यांवर माझे वळण होते, ओळीच्या ओळी.

"दोन साल झाले," तुम्ही म्हणालात. "शाळेतून आला का किसन हितं ह्यायला शिकवत व्हता. तुमी जे शिकवलं ते."

"तुम्हाला माहीत होते?"

"रोज बघत व्हतो."

"मग त्या दिवशी बोलला का नाहीत?"

"तुमी बोलूनच गेलात, मास्तर. मी काय तुमाला अमीनसाहेबांपुढं खोटं पाडू? आन मंग त्यायनी इचारलं असतं, किसन न्हाई तं कोन? मंग ह्या लेकरायला धरायचं व्हतं का?"

मग तुम्ही मला वहाणांची गोष्ट सांगितलीत. पोरे कापसाच्या ढिगावर उड्या मारायला जिनच्या आवारात शिरत. मुनीमजीने एकदा त्यांना पकडले, त्यांच्या वहाणा काढून घेतल्या आणि भट्टीत टाकल्या. माघातले दिवस, वाटेवर काटे. एका पोराचा पाय पिकला. पंधरा दिवसांनी त्यांनी पट्टा कापला. भिंतीवर त्यांनी हेच तर लिहिले होते. गुन्हा कोणी केला, का केला, कशाच्या बदल्यात केला, सगळे दोन ओळींत होते. मी व्याख्यान देऊन ज्याची कारणे दोन महिने पुस्तकांत शोधली, ते माझ्यासमोर कोळशाने लिहून ठेवलेले होते, आणि मी फक्त रेघ कशी वळली आहे ते पाहिले.

किसनला सगळे माहीत होते. त्याने एकाचेही नाव घेतले नाही. ती त्याची मुले होती. मी माझ्या मुलासाठी जे केले नाही ते त्याने केले.

तुम्ही त्याच आठवड्यात तुमच्या सुबक उर्दूत एक अर्ज लिहून आणलात. त्यात एकच मुद्दा होता. नुसत्या अक्षरावरून खात्री देता येत नाही, त्या वळणाचे लिहिणारे आणखीही आहेत, सबब माझी साक्ष धरू नये. कोणाचे नाव नव्हते. खाली सही करायला जागा सोडली होती. "घाई न्हाई," तुम्ही म्हणालात, आणि मला वाटते तो तुमचा एकच चुकीचा सल्ला.

मी तो कागद कपाटात ठेवला. आज सही करीन, उद्या करीन. सरकारी शाळेची नोकरी. शपथेवर खात्रीने म्हणालो होतो, आता फिरवले तर साक्षच खोटी ठरेल, खटला माझ्यावर होईल, अशी भीती होती. ती खरी होती. पण तिच्याखाली दुसरे एक होते आणि ते मी तुम्हाला कधी सांगितले नाही. माझी चूक झाली हे गावाला कळेल, वाचनालयातले लोक हसतील, हे मला सोसणार नव्हते. एका मुलाचे सहा महिने आणि माझे हसे, यात मी काय निवडले ते तुम्ही पाहिलेत.

तुम्ही एकदाही तगादा लावला नाहीत. येत होता, चहा पीत होता, पावसाच्या, पिकाच्या गोष्टी करीत होता. तुमची नजर कपाटाकडे जात नसे. माझीच जाई. किसन सुटून आला त्या दिवशी तुम्ही म्हणालात, "तो कागद द्या मास्तर, आता त्याचं काम न्हाई." मी काढून दिला. तुम्ही सहीची रिकामी जागा बघितलीत, घडी घातलीत आणि खिशात ठेवलात.

त्यानंतरचे तुम्ही मला सांगितले नाहीत, मी पाहिले. रजिस्टरात नाव असल्याने किसनला चौकीवर हजेरी द्यावी लागे. एकदा कामासाठी मी चौकीवर आलो तर किसन बाकावर बसलेला, तुम्ही त्याच्याजवळ, गुडघ्यावर पाटी, आणि अक्षरे गिरवीत होता. तुम्ही! पन्नाशीचा माणूस.

"'ळ' काही जमून न्हाई राहिला," तुम्ही मला म्हणालात, जसे काही मी तपासणीला आलो होतो. किसन म्हणाला, "जमादार, तुमी त्याच्या पोटात हवा भरून काढता म्हून." त्याने माझ्याकडे बघितले नाही.

बाहेर आल्यावर मी विचारले, हे आता कशाला? तुम्ही म्हणालात, "त्या दिशी मला वाचता आलं असतं तं तुमाला बोलवावंच लागलं नसतं. माझीबी चुकी हाये त्यात." जमादार, हे तुम्ही मला हलके करायला म्हणालात. मी हलका झालोही. तेव्हाच मी तुमच्याशी भांडायला हवे होते. तुमची चूक नव्हती. मी तुम्हाला माझ्या वाटणीचे उचलू दिले, आणि वर चहा पाजला.

आपला वाद मात्र चालू राहिला. मी म्हणे, तुमची रीत तुमच्यापुरती. तुम्ही बदलून गेलात की ती संपली. मुलांना सुधारायचे तर व्यवस्था पाहिजे, शाळा पाहिजे, कायदा पाहिजे. तुम्ही म्हणत, "व्हय, पन तवर?" एवढेच. मी 'नंतर' विषयी बोलत असे, तुम्ही 'तोवर' विषयी. शेवटपर्यंत आपले जमले नाही. आणि पाहा, तुम्ही गेलात आणि माझेच म्हणणे खरे ठरले. मला ते खरे ठरायला नको होते.

झाले असे. यंदा स्टेशनात खलाशाची, म्हणजे हातकामाच्या गड्याची, जागा निघाली. किसनने अर्ज केला. आता तो बावीस वर्षांचा आहे, चंद्राबाईच्याने काम होत नाही. रेल्वेकडून चालचलणुकीची विचारणा चौकीवर येणार होती. तुम्ही त्याला म्हणाला होता, "माझ्या हातानं लिवतो, काळजी नको करू." त्याच आठवड्यात तुम्हाला ताप भरला. मी भेटायला आलो तेव्हा तुम्ही ग्लानीत होता. माझा हात धरलात आणि सोडलात. तो हात माझा आहे हे तुम्हाला कळले होते का, तेही मला माहीत नाही.

तुमच्या जागी आलेला जमादार तरुण आहे, परगावचा आहे. माणूस वाईट नाही. त्याच्याजवळ रजिस्टर आहे आणि रजिस्टरात नाव आहे. तो दुसरे काय लिहिणार?

तुम्ही गेल्याच्या पाचव्या दिवशी मी अर्ज लिहिला. माझे उर्दू तुम्हाला माहीत आहे. तीन कागद फाडले. तुमच्या अर्जातले शब्द आठवत होतो. चौथ्यावर सही करून चौकीवर गेलो. नवे अमीनसाहेबही तिथे होते. त्यांनी अर्ज वाचला, एक-दोन ठिकाणी पेन्सिलीने माझ्या चुका दुरुस्त केल्या आणि म्हणाले, "मास्तरसाब, आठ वर्षांपूर्वी तुम्ही खात्रीने म्हणालात. आज खात्री नाही म्हणता. आम्ही कोणते धरायचे?"

मी म्हणालो, "माझे कोणतेच धरू नका. भिंतीवर काय लिहिले होते ते पाहा."

त्यांनी जुने कागद काढायला लावले. त्यात माझी साक्ष होती. अक्षर किसनचे आहे, असे चार ठिकाणी होते. भिंतीवरचे वाक्य कुठेच नव्हते. ते कोणी उतरवून घेतलेच नव्हते. अमीनसाहेबांनी विचारले, "काय होते?"

मी सांगितले. वहाणांची गोष्ट सांगितली, नावे सांगितली नाहीत. मी ते अक्षर अभिमानापायी ओळखले आणि भीतीपायी गप्प राहिलो, हेही सांगितले. किसन हजेरीला आलेला होता, बाकावर बसून ऐकत होता. मी सांगत असताना माझा आवाज शाळेतल्यासारखा झाला, पाठ म्हणून दाखवल्यासारखा. मला त्याची लाज वाटली, पण दुसरा आवाज माझ्याजवळ नव्हता. अमीनसाहेबांनी ते वाक्य लिहून घेतले. म्हणाले, कागद वर पाठवावा लागेल. तुमच्यावरही काही येऊ शकते. मी म्हणालो, येऊ द्या.

बाहेर किसन उभा होता. आठ वर्षांत तो माझ्याशी पहिल्यांदा आपणहून बोलला.

"गुरुजी, आता काहून?"

"जमादार गेले म्हणून."

"ते व्हते तवा बोलायचं व्हतं," तो म्हणाला. "माझ्यासाठी न्हाई म्हनत. ते वाट बघून राह्यले व्हते. मला म्हनायचे, मास्तर बोलतील, भला मानूस हाये, जरा हळू हाये. दर साली म्हनायचे."

मी चौकीच्या पायरीवर बसलो. किसन निघून गेला.

तर तुम्ही वाट बघत होता. आठ वर्षे चहाचा पेला हातात धरून तुम्ही तेच करीत होता, आणि मला वाटले तुम्ही विसरलात. तुम्ही मला चोरी केलेल्या पोरांसारखेच वागवलेत. माझ्याचपाशी, माझ्या चुकीपाशी राखणीला बसवलेत आणि मला कळूही दिले नाहीत. ती पोरे एका बाजारात सुधारत. मला तुमचे मरण लागले.

किसनचे नाव रजिस्टरातून अजून कटलेले नाही. वरून उत्तर आलेले नाही. स्टेशनातली जागा महिनाअखेरपर्यंत आहे. काल स्टेशनमास्तरांना भेटून थोडे थांबण्याची विनंती केली. ते बघतो म्हणाले. मुख्याध्यापकांनाही सगळे सांगितले. त्यांनी चष्मा पुसला. उद्या सकाळी अमीनसाहेबांनी मला पुन्हा बोलावले आहे. किसनलाही बोलावले आहे. तो येईल की नाही, आला तर माझ्याशेजारी उभा राहील की नाही, मला सांगता येत नाही. मी लवकर जाणार आहे. चौकीचे दार उघडायच्या आधी.